कानातली ताई

भात कापून झालं की कामणच्या रस्त्याला एक वास येतो. ओल्या बुडख्यांचा, उन्हात पसरलेल्या पेंढ्याचा, आणि वरून भिवंडीकडे निघालेल्या ट्रकांच्या धुराचा. यंदा दसऱ्यानंतर एका कामासाठी त्या बाजूला गेले होते. काच खाली होती. वास आत शिरला आणि मी गाडी कडेला घेतली.

लोकांना म्हणे ऋतू परत आला की प्रेमं आठवतात, गेलेली माणसं आठवतात. मलाही गेलेलं माणूस आठवलं, पण त्याच्या आधी, त्याला बाजूला सारून, हेवा पुढं आला. सात-आठ वर्षं झाली, तरी तो तसाच आहे. ताजा, टवटवीत. वाडीतल्या केळीला एवढं खत घातलं असतं तर तीही अशी टिकली नसती.

ज्याचा हेवा वाटतो त्याचं नाव सुहास. मी त्याच्या कार्यक्रमाची प्रोड्यूसर होते.

टीव्हीवर मी तीस वर्षं काम केलं आणि जवळजवळ सगळं विनोदी. आधी सरकारी वाहिनीवर कॉफी आणि कागद इकडून तिकडं नेणारी सहायक, मग प्रहसनांचे कार्यक्रम, मग दोन विनोदवीरांना समोरासमोर उभं करून कोण जास्त हसवतो ते बघायचे कार्यक्रम, आणि शेवटी रात्री उशिरा लागणारा गप्पांचा कार्यक्रम. हसण्याचे जेवढे प्रकार मी ऐकलेत तेवढे डॉक्टरांनी खोकल्याचे ऐकले नसतील. पहिल्या रांगेतलं, कॅमेरा आपल्यावर आहे हे माहीत असलेलं हसू. शेजारी हसला म्हणून उशिरा सुटलेलं हसू. नवऱ्याकडं बघून अर्ध्यात आवरलेलं हसू. कानाला हेडफोन लावून अंधाऱ्या कंट्रोल रूममध्ये बसलं की समोर माणसं दिसायच्या आधी त्यांचं हसणं कळायचं.

आणि हे सगळं करून संध्याकाळी मी निर्मळला घरी यायचे. आमची वाडी तिथं. सोनचाफा, मोगरा, केळी, कडेला थोडी भाजी. मी लग्न केलं नाही. आई, बाबा आणि मी, एवढंच घर. बाबा पहाटे उठून चाफ्याच्या कळ्या काढायचे, पुड्या बांधून दादरला पाठवायचे, दिवसभर पाटाच्या पाण्यात उभे राहायचे आणि आठच्या ठोक्याला झोपायचे. त्यामुळे माझा रात्रीचा कार्यक्रम त्यांनी कधी बघितलाच नाही. आधीचेही फारसे नाहीत.

"नले, तू त्यात नक्की काय करतेस?" असं त्यांनी मला कितीदा तरी विचारलं असेल.

"बाबा, सगळं मीच करते. कोण येणार, काय बोलणार, किती वेळ बोलणार."

"मग तू दिसत का नाहीस?"

यावर मी काहीतरी सांगायचे. शेवटी नाव येतं, ते बघा, म्हणायचे. ते म्हणायचे, "ते वाचायच्या आत पळतं." आणि विषय संपायचा. आमच्या घरात वाडीतली बोली चालते. इथं मी ती साध्या मराठीत लिहितेय. बाबांच्या तोंडी ती मऊ लागायची, त्यामुळे त्यांचं बोलणं रागाचं वाटायचं नाही. पण हसायचे मात्र नाहीत. ते हसत नाहीत, त्यांचा स्वभावच तो, असं आम्ही धरून चाललो होतो. जसा कुणाचा स्वभाव मासे न खाण्याचा असतो.

गप्पांचा कार्यक्रम आला तेव्हा वाहिनीला खर्च वाचवायचा होता आणि मला प्रवास. कामणला एक रिकामं गोदाम मिळालं. आधी तिथं फरशा ठेवत असत. आम्ही आत काळे पडदे लावले, मागं शहराचं चित्र, उंच इमारतींच्या उजळलेल्या खिडक्या, एक कोच, एक टेबल. रात्री साडेअकराला लागणारा कार्यक्रम आम्ही दुपारी दोनला चित्रित करायचो. बाहेर आश्विनाचं ऊन, पत्रे तापलेले, आणि आत सुहास कॅमेऱ्याकडं बघून म्हणायचा, "काय मंडळी, झोप येत नाही ना?"

प्रेक्षक म्हणून आसपासच्या गावांतली माणसं आणायचो. वसईच्या सोसायट्यांतून निवृत्त मंडळी यायची, गासवरून टेम्पो भरून बायका यायच्या. कामणची एक म्हातारी पहिल्याच दिवशी पडदा ओलांडून आत आली, आजूबाजूला बघितलं आणि मला म्हणाली, "बाय, भायेर ऊन हाय नि हिथं रात कशी केलीस?" मग पदरानं वारा घेत म्हणाली, "जरा पानी तरी दे." ती नंतर प्रत्येक वेळी आली. गोदामाच्या मागं तिचं खळं होतं. भाताच्या पेंढ्या झोडपायचा आवाज भिंतीतून आत यायचा, धप, धप, आणि आमचा ध्वनिमुद्रक कपाळाला हात लावायचा. तो म्हणायचा, मध्यरात्री हे कोण कुणाला मारतंय असं लोकांना वाटेल. शेवटी आम्ही झोडपणीच्या वेळा विचारून घेतल्या आणि मधल्या फटीत शूटिंग बसवलं.

सुहास नालासोपाऱ्याचा. वडील कोकणातून आलेले, कारखान्यात नोकरीला. हा बँकेत चिकटला होता आणि सुट्टी काढून एकांकिका करायचा. एका स्पर्धेत मी त्याला बघितलं. संवाद विसरला होता, आणि विसरलेल्या वेळात त्यानं प्रेक्षकांकडं असं बघितलं की सगळं नाट्यगृह हसलं. मी त्याला बँक सोडायला लावली. म्हणजे माणूस मी शोधला, कोचावर मी बसवला. एवढंच नाही, त्याच्या कानात एक छोटं यंत्र असायचं आणि कंट्रोल रूममधून मी त्यात बोलायचे. पाहुणा अडला, सुहास अडला, की मी हळूच वाक्य द्यायचे. अर्ध्या क्षणात ते त्याच्या तोंडून बाहेर यायचं. लोक म्हणायचे, काय हजरजबाबी आहे! तेव्हा मला काही वाटायचं नाही. तेच तर माझं काम होतं.

मला पहिल्यांदा काही वाटलं ते बाबा आले त्या दिवशी.

त्या दिवशी गासचा टेम्पो बंद पडला आणि खुर्च्या रिकाम्या दिसायला लागल्या. मी आईला फोन केला, भजनाच्या बायकांना घेऊन ये. आई आली ती बाबांनाही घेऊन. पांढरी टोपी, धुतलेला सदरा, तिसऱ्या रांगेत कडेला बसले. मी कंट्रोल रूममध्ये होते, मला पत्ता नव्हता. पाहुणे म्हणजे सिनेमात आयुष्यभर खलनायक केलेले एक ज्येष्ठ नट. गंभीर माणूस, हसणार नाही, हसवू देणार नाही. बोलता बोलता म्हणाले, पडद्यावर मी एवढ्यांचे खून केले, पण घरी झुरळाला घाबरतो. सुहास थांबला. त्याला पुढं सुचत नव्हतं हे मला त्याच्या मानेवरून कळलं. मी म्हटलं, "विचार, मग झुरळाला सांगितलं नाहीत का, तुम्ही कोण ते?"

सुहासनं लगेच विचारलं नाही. आधी त्यानं पाहुण्यांच्या बुटांकडं बघितलं, मग जमिनीवर, जणू झुरळ तिथंच आहे, आणि मग अगदी काळजीनं म्हणाला, "मग तुम्ही त्याला सांगितलं नाहीत का... तुम्ही कोण ते?"

हसण्याची लाट आली. त्या लाटेत एक आवाज वेगळा होता. खोलवरून येणारा, मध्येच अडकणारा, पंप सुरू होताना आधी हवा ओकतो तसा. मला प्रेक्षकांतले सगळे आवाज ओळखता येतात असा माझा गर्व होता. हा ओळखता नाही आला. मी कॅमेरावाल्याला म्हटलं, "कोण हसतंय ते? तीन नंबर, दाखव मला."

कॅमेरा रांगांवरून सरकला आणि पडद्यावर माझे बाबा आले. टोपी हातात, तोंड उघडं, डोळ्यांतून पाणी, खांदे हलताहेत. आई त्यांच्याकडं बघत होती, भ्यायल्यासारखी.

चाळिशी केव्हाच उलटून गेलेली मी बाई. बाबांचं हसू मी पहिल्यांदा बघितलं ते चौदा इंची पडद्यावर, आणि ते दुसऱ्याला दिलेलं.

संपल्यावर बाबा सुहासला भेटायला थांबले. त्याच्या पाठीवर हात ठेवला. घरी येताना गाडीत म्हणाले, "पोरगा हुशार आहे हो."

मी म्हटलं, "बाबा, ते झुरळाचं वाक्य माझं होतं. मीच सांगितलं त्याला, कानात."

"असेल," बाबा म्हणाले. थोडा वेळ बाहेरच्या कापलेल्या शेतांकडं बघत राहिले. "पण म्हटलं कसं त्यानं!"

आणि पुन्हा हसले. गाडी मी चालवत होते. मी समोर बघत राहिले.

खरं सांगायचं तर ते बरोबर होते. वाक्य माझं होतं, पण ते बुटांकडं बघणं माझं नव्हतं. ते मी सांगितलं नव्हतं, मला सुचलंही नसतं. हेवा कसा असतो बघा. आपल्याकडं काहीच नसेल तर तो एवढा चावत नाही. आपल्याकडं अर्धं असतं आणि लोक उरलेल्या अर्ध्याला टाळ्या देतात, तेव्हा तो हाडात शिरतो.

आता मोबाइलवर विनोद करणारी मुलं-मुली बघते. विरारच्या एखाद्या फ्लॅटच्या बाल्कनीत उभी राहून, मागं वाळत घातलेले कपडे, आपल्या आईबद्दल, सोसायटीच्या सेक्रेटरीबद्दल बोलतात आणि लाखो लोक बघतात. कानात कुणी नाही, पाठीमागं कुणी नाही. त्यांचाही मला हेवा वाटतो, पण तो वरवरचा, खरचटल्यासारखा. सुहासचा तसा नव्हता.

त्यानंतर सुहास वाडीत यायला लागला. बाबांनीच बोलावलं. बाबा त्याला चाफ्याची कळी कशी ओळखायची ते दाखवायचे, आज कुठली काढायची आणि उद्यासाठी कुठली ठेवायची. मला त्यांनी ते कधी दाखवलं नव्हतं, मी विचारलंही नव्हतं म्हणा. आई त्याला सुकेळी द्यायची, घरी वाळवलेली केळी, पानात बांधून. तो खाऊन बोटं चाटत म्हणायचा, "काकू, हे खाऊन माणूस लबाड होतो." आई लाजायची. माझी आई!

दिवाळीच्या तोंडावर बाबांना वाडीतच धाप लागली. पाटाच्या कडेला बसून राहिले. वसईच्या डॉक्टरांनी तपासलं आणि मला बाहेर घेऊन सांगितलं, हृदय थकलंय, आता उठबस नको, जेवढं शांत ठेवाल तेवढं. बाहेरच्या खोलीत खिडकीशी त्यांचा पलंग लावला. तिथून चाफा दिसायचा.

आमचं काम तेव्हा जोरात होतं. वाहिनीला भाग वाढवून हवे होते. दुपारचं चित्रीकरण संपलं की सुहास मोकळा व्हायचा. मी नाही. मला संकलन असायचं, उद्याच्या पाहुण्यांशी बोलणं असायचं, वाहिनीच्या साहेबांचे फोन असायचे. तो मोटारसायकल काढून म्हणायचा, "ताई, मी जरा बाबांना बघून पुढं जातो."

काकांना नाही, बाबांना.

मी घरी पोचायचे तेव्हा तो निघालेला असायचा, नाहीतर बुटांचे बंद बांधत असायचा. आणि आत पलंगावर बाबा असायचे, उशीला टेकलेले, गाल अजून तांबूस, डोळ्यांच्या कडा ओल्या. मी गेले की हळूहळू तो चेहरा नेहमीचा व्हायचा. मला रोज हसून झालेले बाबा मिळायचे. जत्रा उठल्यावर मैदानात पोचावं तसं.

एकदा मी ठरवून सुट्टी घेतली. सकाळभर त्यांच्याजवळ बसले. मनात एक किस्सा तयार करून ठेवला होता, आमच्या एका पाहुण्याचा विग कोचाला अडकून राहिला होता त्याचा. मी तो नीट सांगितला. सुरुवात, मध्य, शेवट. कुठं थांबायचं, कुठं आवाज चढवायचा, सगळं. विनोदाचं माझं अर्धं आयुष्य मी त्यात ओतलं.

बाबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्याला लागलं नाही ना?"

"नाही, बाबा."

"बरं," म्हणाले. "ती खिडकी जरा लोटून घे, ऊन येतंय."

मी खिडकी लोटली. स्वयंपाकघरात गेले आणि आईनं वाळत टाकलेली केळी उगाचच उलटीपालटी करत बसले.

मग एक दुपार आली. कामणला वीज गेली आणि जनरेटरही सुरू होईना. काळ्या पडद्यांच्या आत खरीखुरी रात्र झाली. प्रेक्षक हसत, चाचपडत बाहेर पडले. आम्ही सगळं उद्यावर ढकललं. सुहास निघून गेला, मागची आवराआवर करून मीही निघाले, आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा मी दिवसाउजेडी घरी पोचले.

अंगणात त्याची मोटारसायकल होती. मी पायरीशी चपला काढत होते आणि आतून माझा आवाज आला.

माझाच. तोच चिरका, घाईचा, शब्दांची शेपटं गिळणारा. "सुहास! डावीकडं बघ! तुझं डावं रे, माझं नाही! पाहुण्यांना पाणी कुणी दिलं? त्यांना घोट घ्यायला लावू नका, ते घोट घेताना विचार करतात!"

आत तो पंप सुरू झाला. आधी हवा, मग धो धो. बाबा हसत होते. हसता हसता म्हणत होते, "अस्संच! अस्संच करते! लहानपणीही अशीच होती. पुढं सांग, मग काय म्हणाली?"

"मग काय म्हणणार? म्हणाली, सुहास, तू गप्प राहा, मी बोलते. मी म्हटलं, ताई, लोकांना मी दिसतोय. तर म्हणाली, ते तुझं दुर्दैव."

असं मी म्हटलं होतं? म्हटलं असेन. मी दाराबाहेर एक चप्पल हातात घेऊन उभी होते. म्हणजे रोज इथं मी होते. रोज संध्याकाळी माझ्या घरात, माझ्या बाबांच्या पलंगाशी तो मला आणून बसवत होता, आणि बाबा रोज म्हणत होते, पुढं सांग. मी दिसत का नाही, असं ज्यांनी आयुष्यभर विचारलं त्यांना मी अखेर दिसत होते.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल, कुठंतरी तळाला. पण आधी जे वर आलं ते सांगते. मला माझ्या त्या नकलेचाच हेवा वाटला. त्या खोलीत माझ्यापेक्षा ती लाडकी होती.

मी आत गेले. दोघंही गप्प झाले. वर्गात बाई आल्यावर होतात तसे. सुहास उठून उभा राहिला. बाबांनी पंच्यानं डोळे पुसले आणि म्हणाले, "आलीस? लवकर आज?"

"वीज गेली," मी म्हटलं. मग म्हटलं, "थांबलात का? चालू ठेवा की."

सुहासनं माझ्याकडं बघितलं. "ताई, तुमच्यासमोर नाही जमत," तो म्हणाला. अगदी खरं बोलला. त्या वेळी तो विनोद करत नव्हता.

बाबांनी पलंगावर हात थोपटला, इथं बस म्हणून. मी बसले. सुहास निघून गेला. आम्ही दोघं खिडकीतून चाफ्याकडं बघत राहिलो. त्यांचा हात माझ्या मनगटावर होता. बऱ्याच वेळानं म्हणाले, "फार ओरडतेस त्या पोरावर."

"कामच तसं आहे, बाबा."

"हं," म्हणाले, आणि ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. ते हसू होतं की धाप, मी ठरवू शकले नाही.

कार्तिकातल्या जत्रेला आमच्या निर्मळच्या देवळापाशी दुकानं लागायला लागली, त्याच आठवड्यात बाबा गेले. सकाळी, झोपेतच. आईनं हाक मारली तेव्हा कळलं. त्या दिवशी चाफ्याच्या कळ्या काढायच्या तशाच राहिल्या.

पुढचं सगळं मी केलं. कुणाला कळवायचं, कोण कुठं बसणार, चहा कधी, कोणत्या रस्त्यानं न्यायचं. मला तेच येतं. सुहास आला आणि ओटीवर बसून लहान मुलासारखा रडला. गावातल्या बायका त्याच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. कुणीतरी म्हणालं, मुलासारखा लागला होता हो. मी फोन कानाला लावून उभी होते, लाकडांची व्यवस्था बोलत होते. रडण्यातही तो माझ्या पुढं निघून गेला.

दुसऱ्या वर्षी वाहिनीनं कार्यक्रम बंद केला. फरशा परत कामणच्या गोदामात आल्या. सुहास सिनेमात गेला, मग मोठा झाला. मी आणखी दोन कार्यक्रम केले, मग थांबले. चाफा आता मी बघते. आई पडवीत खुर्ची टाकून बसते आणि मला सांगते, ती नको काढू, ती उद्याची.

यंदा कामणहून त्या वासासकट परत आले, त्याच आठवड्यात सुहासचा फोन आला. एकट्याचा कार्यक्रम करतोय, गावोगाव, वसईला येतोय. "ताई, तुम्ही यायला हवं. तुमच्याशिवाय तो कार्यक्रम नाही." आईचे गुडघे दुखत होते. मी एकटीच गेले.

सभागृह भरलं होतं. मी मधल्या रांगेत बसले. शेजारी एक पन्नाशीच्या बाई, हातात वेफर्सची पुडी. सुहास आला, केस पांढरे झालेले, पोट सुटलेलं. पहिलंच वाक्य म्हणाला, "माझ्या कानात एक ताई राहायची."

आणि मग तासभर तो मला करत राहिला. माझं ओरडणं, माझं वेळापत्रक, वीज गेल्यावर मी अंधाराला सूचना देत होते ते. लोक पोट धरून हसत होते. मी हसण्याचे प्रकार मोजत बसले. सगळं हसू खरं होतं.

मग त्यानं आवाज उतरवला. "त्या ताईंचे बाबा होते, निर्मळला. त्यांनी मला एक गोष्ट सांगितली होती. ताई लहान असताना जत्रेत हरवली."

मी सरळ बसले.

ती जत्रा मला आठवते. सहा-सात वर्षांची असेन. बाबांचा हात सुटला आणि पायांच्या जंगलात मी एकटी पडले. पाळण्यापाशी पोचले. मग किती वेळ गेला कुणास ठाऊक, पण बाबा आले नाहीत. ते आलेच नाहीत, हे मला आयुष्यभर लक्षात राहिलं. शेवटी आले तेव्हा काही बोलले नाहीत, नुसतं उचलून घेतलं. मला वाटलं होतं, विसरले होते मला. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही, त्यांनाही नाही.

सुहास सांगत होता, "बाबा मला म्हणाले, अरे, मला ती केव्हाच दिसली होती. पाळण्यापाशी उभी. रडत नव्हती. पाळण्यासाठी पोरांची ढकलाढकली चाललेली, तर ही मध्ये उभी राहून रांग लावत होती. तू पुढं, तू मागं, तू आत्ताच बसलास ना, ऊठ! स्वतःपेक्षा मोठ्या पोरांना! पाळणेवाला तिचं ऐकत होता. बाबा म्हणाले, मी बांगड्यांच्या दुकानामागं लपलो आणि बघत राहिलो. हाक मारली असती तर थांबली असती ना ती."

लोक हसले, मग थोडे शांत झाले, मग टाळ्या वाजल्या. तोवर तो पुढच्या किश्श्यावर गेलाही होता.

माझ्या बाबांनी मला बघितलं होतं. खूप वेळ, लपून, कौतुकानं. आणि ते त्यांनी मला नाही, त्याला सांगितलं. मला ते आता कळत होतं, वेफर्स खाणाऱ्या चारशे लोकांबरोबर, तिकीट काढलेल्यांबरोबर, एकाच वेळी. अंधारात माझे कान तापले. शेजारच्या बाई माझ्याकडं झुकल्या. "खरंच असेल का हो अशी कुणी बाई? का हा आपला रचून सांगतोय?"

"आहे," मी म्हटलं. "याहून वाईट आहे."

बाई खुदकन हसल्या आणि त्यांनी पुडी माझ्यापुढं केली.

संपल्यावर त्याच्याभोवती फोटो काढणाऱ्यांची झुंबड झाली. मी निघून जाणार होते. गेले नाही. भिंतीशी उभी राहिले, गर्दी विरळ झाल्यावर पुढं गेले. त्यानं वाकून नमस्कार केला आणि मग, सुरुवातीच्या दिवसांत विचारायचा तसं, घाबरत विचारलं, "ताई, कसं झालं?"

रागवायचं होतं मला. ती गोष्ट माझी आहे, परत दे, असं म्हणायचं होतं. पण दिलेली गोष्ट परत कशी घ्यायची? आणि घेऊन मी करणार काय? मला ती तशी सांगता येणार नव्हती.

"जत्रेच्या तिथं घाई केलीस," मी म्हटलं.

"घाई?"

"बाबा बांगड्यांच्या दुकानामागं उभे राहतात ना, तिथं लगेच हसू घेतोस. नको घेऊ. त्यांना अजून थोडं उभं राहू दे."

सुहासनं मान हलवली. चेहऱ्यावरचा घाम पुसायचा राहिला होता. "किती वेळ, ताई?"

"लोकांना वाटायला हवं," मी म्हटलं, "की आता हा माणूस तिला हाक मारणारच नाही."

दोन दिवसांनी त्याचा प्रयोग नाशिकला होता. संध्याकाळी मी वाडीत पाणी सोडत होते, आणि घड्याळात बघून मनात म्हटलं, आता बाबा उभे राहिले असतील. परक्या गावात, परक्या लोकांसमोर, मी सांगितलं तेवढा वेळ. आणि त्या तिथल्या, मला न ओळखणाऱ्या, खुर्च्यांत टेकून बसलेल्या प्रत्येक माणसाचा मला हेवा वाटला.